उजवीकडची दोन बोटं जागा

निइनुमाने भिंग छायाचित्रावर टेकवलं, वाकून त्याला डोळा लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. हातात चहाचे पेले घेऊन टेबलाभोवती उभी असलेली दहा-बारा माणसं आधी हसत होती. मग त्यांचं हसणं एकेक करत बंद पडलं.

"इथे बोरूची तीन ताटं आहेत," तो वर न बघता म्हणाला. "तिसरं मधोमध मोडलंय. आता दोन बोटं उजवीकडे या. पुन्हा तीन ताटं. पुन्हा तिसरं मोडलेलं, त्याच जागी, तसंच."

रॉकेलच्या शेगडीवरची किटली तेवढी वाजत होती.

"तळ्याकाठी असं उगवत नाही," निइनुमा सरळ उभा राहत म्हणाला. "हे संगणकावर उगवलंय."

ज्या छायाचित्राबद्दल तो बोलत होता, त्यालाच महिन्याभरापूर्वी मियागी प्रांताच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. गावच्या छायाचित्र मंडळाला एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. आजची बैठक त्या आनंदासाठीच होती. मधल्या टेबलावर हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणातले मोची, म्हणजे चिकट तांदळाचे मऊ गोळे, त्याशेजारी फुलं, आणि फुलांना टेकून ते मोठं छायाचित्र: तोबिनुमाचं तळं, पाण्यावर धुकं, आणि धुक्यातून एकाच वेळी उठलेले पन्नास-साठ हंस. कुणाचे पाय अजून पाण्यात, कुणाचे नुकते सुटलेले. मागे सगळा बोरू.

ते टिपणारी बाई फुलांच्या पलीकडे उभी होती. गावात निम्मी घरं कुमागाई आडनावाची, म्हणून चिहोला सगळे नावानेच हाक मारत, चिहोसान. वय चोपन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचं जेवण रांधायची नोकरी. सहा वर्षांपूर्वी ती मंडळात आली तेव्हा तिला तिपाईचे पाय उघडता येत नव्हते. ते निइनुमाने शिकवले. पहाटेच्या अंधारात कॅमेरा कसा लावायचा, बोटं बधिर झाली तर काय करायचं, हेही त्यानेच शिकवलं. ती त्याला पहिल्या दिवसापासून अर्ध्या थट्टेने गुरुजी म्हणायची आणि त्याला ते आवडायचं.

आज मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या आगीत थोडी असूया होती हे खोटं कशाला म्हणा. त्याच प्रदर्शनात त्याचंही तळ्याचंच छायाचित्र होतं, 'पहाट' नावाचं, आणि त्याला नुसतं 'निवड' असं लिहिलेलं कागदी फूल मिळालं होतं. ते छायाचित्र आता याच खोलीच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. खाली त्याच्या ठसठशीत अक्षरात स्थळ आणि तारीख: तोबिनुमा, २७ जानेवारी. पण नुसती असूया असती तर तो घरी जाऊन कुढत बसला असता. निइनुमाने अडतीस वर्षं शेतकी सहकारी संस्थेत तांदळाची प्रत ठरवली होती. काळ्या ताटलीत हजार दाणे पसरायचे, आणि त्यांत किडीने डागाळलेले दोन दाणे निघाले की पोतं दुसऱ्या प्रतीत. मग ते सख्ख्या मेव्हण्याचं का असेना. मेव्हणा चार वर्षं बोलत नव्हता. असल्या माणसाला मोडक्या ताटाची जोडी दिसली तर तो मूग गिळून बसणार नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष ताकिझावा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा पूर्वी स्टेशनासमोर स्टुडिओ होता. त्यांनी पेला खाली ठेवला.

"मी पन्नास वर्षं या गावातल्या नवऱ्या मुलींचे मस पेन्सिलीने पुसले," ते म्हणाले. "मला कुणी पोलिसात दिलं नाही."

"ती लग्नं होती. ही स्पर्धा आहे."

"मसांना काय कळतंय, लग्न का स्पर्धा."

दोघे-तिघे हसले. एकाने लगेच री ओढली की आजकाल फोन तर न विचारताच चेहरा गोरा करतो. दुसरा म्हणाला, काळा-पांढरा फोटो तरी कुठे खरा असतो, जग काय काळं-पांढरं आहे? विषय हसण्यावारी न्यायची ही सगळ्यांची जुनी सवय निइनुमाला ठाऊक होती, आणि तिचीच त्याला सगळ्यात जास्त चीड होती. त्याने खिशातून स्पर्धेच्या नियमांचा कागद काढला. तो घडी घालून आणलेला होता, म्हणजे माणूस घरूनच तयारीने आला होता. सहावा नियम त्याने मोठ्याने वाचला. चित्रात काही वाढवू नये, चित्रातून काही काढू नये, शंका आल्यास मूळ फाइल दाखवावी लागेल, खोटं ठरल्यास बक्षीस परत घेतलं जाईल आणि मंडळाला तीन वर्षं बंदी.

"पुसलंय मी," चिहो म्हणाली.

तिने हे इतकं साधेपणाने सांगितलं की कागद धरलेला निइनुमाचा हात हवेतच राहिला.

"काय पुसलंस?"

"खुपत होतं."

"काय खुपत होतं? खांब? पाटी? कुणाची गाडी?"

चिहोने मोचीच्या डब्यावर झाकण लावलं आणि ते चारी बाजूंनी दाबलं.

"चाळीस वर्षांत मी चित्रातली एक काडी हलवली नाही," निइनुमा म्हणाला. आवाज चढला होता आणि तो त्याला आवरत नव्हता. "उणे नऊमध्ये चार-चार तास उभा राहिलोय. मिळालं तर मिळालं, नाही तर रिकाम्या हाताने घरी. आणि तू घरी गरम चुलीशी बसून बोटाने पुसणार. मग आम्ही काय मूर्ख म्हणून गारठत होतो?"

चिहोने मान वर केली. ती त्याच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे, 'पहाट'कडे, बघत होती. मग तिने कोट घेतला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि ती गेली. मोचीचा डबा तसाच राहिला. तो उघडायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं, आणि बैठक लवकर संपली.

निघताना निइनुमाने सांगून टाकलं की सोमवारपर्यंत तिने मूळ फाइल दिली नाही तर तो स्वतः आयोजकांना पत्र टाकणार. ताकिझावा बूट घालत होते. बंदी आली तर मंडळ बुडेल, आधीच तरुण कुणी येत नाही, असं ते बुटाच्या नाडीला सांगितल्यासारखं पुटपुटले. निइनुमाने कानाडोळा केला.

पत्र त्याने त्याच संध्याकाळी लिहिलं. तीनदा लिहिलं, कारण पहिल्या दोन वेळी पेन कागदात रुतत होतं. मग लिफाफा बंद करून भाताच्या कुकरशेजारी ठेवला. जेवताना त्याला पुन्हा पुन्हा २७ जानेवारीची ती सकाळ आठवत होती. ती त्याने इतक्या जणांना सांगितली होती की तिचे शब्दही ठरून गेले होते. साडेचारला पोचलो. काठाचं पाणी गोठलेलं. हंस पंखात मान घालून झोपलेले, हलायला तयार नाहीत. गारठा जास्त असला की ते उन्हाची वाट बघतात, आणि ऊन वर आलं की धुकं जातं, म्हणजे चित्रच जातं. सात वाजले. डोंगराच्या कडेवर सूर्याची रेघ आली. आणि मग उडाले. गोष्ट दर वेळी अशीच तिथून उडी मारायची, आणि मग उडाले, आणि ऐकणारे म्हणायचे, केवढा धीर म्हणायचा हा.

तळ्यावरची 'हंसांना घाबरवू नका' ही पाटीसुद्धा निइनुमाच्याच अक्षरात होती. गाडीचं दार जोरात लावणाऱ्या पाहुण्यांना तो अजूनही तिथल्या तिथे झापायचा.

रविवारी सकाळी चिहो आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. तिच्या हातात छोटं पाकीट होतं.

"पत्र टाकलंत, गुरुजी?"

"उद्या टाकणार."

"नका टाकू. मी काल रात्रीच त्यांना कळवलंय. नियम मोडला, बक्षीस परत घ्या म्हणून. मंडळाला यात काही ठाऊक नव्हतं, असंही लिहिलंय."

भांडायच्या तयारीने आलेला माणूस समोरच्याने हात जोडले की आणखी चिडतो, तसं निइनुमाचं झालं.

"काय पुसलं ते सांगितलंस?"

"ते मी नाही सांगितलं." तिने पाकीट पुढे केलं. "तुम्हाला मूळ बघायचं होतं ना. हे कार्ड. यात मी कशाला हात लावलेला नाही. तुम्ही बघा, तुम्हीच ठेवा."

"मी कशाला ठेवू?"

"मला नको आहे," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण पाकीट धरलेली बोटं पांढरी पडली होती. तेव्हा निइनुमाला पहिल्यांदा जाणवलं की ही बाई लाजलेली नाही, संतापलेली आहे. का, ते मात्र त्याला कळलं नाही, आणि ती सायकलवर बसून निघूनही गेली.

त्याने कार्ड संगणकात घातलं. चहा केला, तो बाजूला ठेवला. आधी तारीख दिसली. २७ जानेवारी. सकाळी सात वाजून चार मिनिटं.

त्या दिवशी आपण तळ्यावर एकटेच होतो असं तो आजवर समजत आला होता. ती समोरच्या बंधाऱ्यावर होती तर.

मग चित्र उघडलं. धुकं तेच, हंस तेच. उजव्या कडेला, बोरूत, जिथे मोडक्या ताटाची जोडी उगवली होती तिथे, एक माणूस उभा होता. कमरेपर्यंत बोरूत, डावा हात तिपाईवरच्या कॅमेऱ्यावर. उजवा हात खांद्याच्या वर जाऊन पुढे आलेला, पंजा उघडा. हात आणि हंस यांच्या मध्ये, धुक्याच्या पांढऱ्यावर, एक काळा ठिपका. डोक्यावर कानपट्टीची हिरवी टोपी आणि तिच्यावर सहकारी संस्थेची पिवळी अक्षरं.

टोपी त्याच्या पाठीमागे, दाराजवळच्या खुंटीला होती. तो वळून बघायला गेला नाही.

त्याने ठिपका मोठा केला. मोठा केल्यावरही तो दगडच राहिला. मग त्याने सवयीने सगळं चित्र डावीकडून उजवीकडे, वरून खाली, दाणा दाणा तपासलं. कुठे जोड सापडतो का, एखादं ताट दोनदा आलंय का, पाण्यातलं प्रतिबिंब चुकलंय का. एक तास गेला. कुठेही डाग नव्हता. अडतीस वर्षांत इतकं निर्मळ पोतं त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं.

तो खजील झाला असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. त्याचं पित्त खवळलं. दगड साधा गोटा होता, हंसांपासून लांब, पाण्यात मारला होता, कुणाला लागला नव्हता. ते उडणारच होते, दहा मिनिटांनी उडाले असते. छायाचित्रात ढवळाढवळ वेगळी आणि हे वेगळं. हे सगळं त्याने स्वतःला नीट, मुद्देसूद सांगून पाहिलं. आणि दर मुद्द्यानंतर तो उघडा पंजा पडद्यावर तसाच होता. शेवटी त्याच्या मनात एकच गोष्ट उरली आणि ती इतकी झोंबली की त्याने फोन उचलला.

"मला न विचारता मला पुसलंस," तो म्हणाला.

पलीकडे नळाचं पाणी चालू होतं. ते बंद झालं.

"दया केलीस माझ्यावर? म्हाताऱ्याची अब्रू वाचवलीस? कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुमच्यासाठी नाही पुसलं," चिहो म्हणाली. "गुरुजी, मीही तिथे तीन तास उभी होते. तुम्ही शिकवलंत तशी, हलले नाही. हंस उडाले तेव्हा मला रडू आलं. वाटलं, मिळालं. घरी येऊन मोठं करून बघितलं, तर तुम्ही. दगड तुमचा होता, पण फोटो माझाच होता ना. तुम्ही दिसलात की मला ते हंस बघवत नव्हते. म्हणून पुसलं. माझ्यासाठी."

"मग काल सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलत होतात."

मग निइनुमाने विचारलं, हा फोटो मी छापला तर चालेल का. तिने सांगितलं, तुमची मर्जी. मला आता त्याचं काही नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नेहमीची बैठक होती. मंडळाची रीत अशी, की सगळ्यांनी आपापले फोटो नावाशिवाय लांब टेबलांवर मांडायचे, प्रत्येकाला गो खेळातल्या तीन पांढऱ्या सोंगट्या मिळायच्या, आणि आवडलेल्या फोटोपुढे त्या ठेवायच्या. शेवटी ताकिझावा एकेका फोटोवर बोलायचे. त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या असत. त्या फोटोच्या कडांवर सरकवून कुठे कापलं तर चित्र सुधारेल हे ते दाखवत. निइनुमाच्या फोटोला पट्टी लावायची मात्र त्यांचीही कधी हिंमत झाली नव्हती.

निइनुमाने ते चित्र सगळ्यात मोठ्या कागदावर छापून आणलं होतं. उजेड वाढवला नव्हता, कड छाटली नव्हती, काहीच केलं नव्हतं. ते टेबलावर पसरून तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. काय काय ऐकावं लागेल याची त्याने रात्रभर तयारी केली होती. प्रत्येकाला उत्तर तयार होतं. कुणी ओरडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

माणसं रांगेने पुढे सरकू लागली. त्या चित्रापाशी येऊन ती इतर चित्रांपाशी थांबली तेवढीच थांबली, जराही जास्त नाही. एक म्हणाला, धुकं सुरेख आलंय. एकीने हंसांचे पाय मोजले. ती हिरवी टोपी अख्ख्या गावाने वीस वर्षं पाहिली होती. दुकानात, बसस्टॉपवर, तळ्यावर, ती आत्ताही खुंटाळ्यावर सगळ्यांच्या कोटांमध्ये लटकत होती. पण चित्रातली टोपी एकालाही दिसली नाही. कुणी निइनुमाकडे वळून पाहिलं नाही. उलट जवळून जाताना सगळे आज जरा जास्तच नम्रपणे मान लववत होते. त्याचे कान तापले.

चिहो आली होती. ती टेबलाच्या पार टोकाला, सोंगट्या मुठीत धरून बसली होती.

ताकिझावा त्या चित्रापाशी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक काळी पट्टी उचलली आणि ती अलगद उजव्या कडेवर ठेवली. दोन बोटं रुंद. माणूस गेला, हात गेला, ठिपका गेला.

"असं केलं की कसं मोकळं होतं," ते म्हणाले. "उजवीकडची एवढी जागा उगाच आहे."

"खरंच की," कुणीतरी म्हणालं.

"डोळा सरळ हंसांवर जातो," दुसरं कुणी म्हणालं.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. एकाने किटली उचलून पेले भरायला घेतले. कुणीतरी थंडीचा विषय काढला.

निइनुमा भिंत सोडून पुढे आला आणि त्याने पट्टी उचलली.

"तिथे माणूस आहे," तो म्हणाला.

"असेल," ताकिझावा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की निइनुमाला ती सहन होईना. त्यांनी दुसरी पट्टी घेतली आणि पुन्हा त्याच जागी ठेवली. "त्याचं इथे काही काम नाही रे. काढून टाक. हंस छान उडालेत."

निइनुमाने दुसरीही पट्टी उचलली.

"तो नसता तर उडालेच नसते," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, अगदी टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

किटली धरलेला हात थांबला. आता सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि बघावं लागल्याचा राग त्यांच्या तोंडावर दिसत होता. चिहो उठली. तिने येऊन तिन्ही सोंगट्या त्या चित्रापुढे ठेवल्या आणि ती जागेवर जाऊन बसली. तिने निइनुमाकडे पाहिलं नाही.

ताकिझावांनी हात पुढे केला.

"पट्ट्या दे," ते हलकेच म्हणाले. "अजून नऊ फोटो बघायचेत."

निइनुमाने पट्ट्या दिल्या नाहीत.